साडूंचे कोवलम

वाटांचा इतका विचार केलेला आणि वाटसरूंना इतके छळणारा माझ्या थोरल्या साडूंसारखा दुसरा माणूस मद्रासने पाहिला नसेल. ते भूगोलाचे प्राध्यापक. घराणे तंजावरचे; मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. माणसाच्या मनात जागेचे चित्र कसे उमटते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता, आणि त्या संशोधनाला सुटीचा वार ठाऊक नव्हता. आलेल्या पाहुण्याने आपल्या घरापासून इथवरची वाट कागदावर काढून दाखवल्याखेरीज त्याच्यापुढे कॉफी येत नसे. मी साताऱ्याहून बदलीवर आलेला, त्यांच्या मेहुणीशी लग्न करून नात्यात शिरलेला. मी काढलेल्या पहिल्या नकाशात बसचा थांबा समुद्रात पडला होता. "सातारकर, पोहता येते ना तुम्हांस?" एवढेच त्यांनी विचारले आणि कॉफी मागवली. योग्यता नसताना मिळालेल्या प्रसादासारखी ती मी खाली मान घालून प्यालो.

डावे-उजवे हे शब्द त्यांना जवळजवळ असभ्य वाटत. "डावे-उजवे माणसाबरोबर फिरते हो. पूर्व कोणाच्या मागे जात नाही," असे म्हणून ते पंगतीत केळीच्या पानाकडे बोट दाखवत आणि "लोणच्याच्या वायव्येस थोडे मीठ वाढा" असे सांगत. वाढपी सूर्य शोधायला अंगणात जाई, तोवर रसम निवून जाई. थोरल्या मुलीला पाहायला आलेल्या तरुणाच्या हातातही त्यांनी पेन्सिल दिली. त्याने जॉर्ज टाउनपासूनची वाट काढली. तिच्यात वाटेवरची यच्चयावत खानावळी होत्या आणि चौक एकही नव्हता. साडू गंभीर झाले. "मुलगा बरा आहे, पण यास चौक दिसत नाहीत." त्यावर अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून कडाडल्या, "अय्यो, आपली पोर उपाशी राहणार नाही हे तर दिसले? तुमचे चौक घेऊन बसा तुम्ही!" लग्न ठरले.

या छंदाचे मूळ एका सरकारी नियमात होते. किनाऱ्यालगतचे बारीक तपशिलाचे नकाशे तेव्हा गोपनीय असत, आणि मद्रास तर किनाऱ्यावरच वसलेले. नकाशांच्या कचेरीत मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो.

"सार, समुद्राजवळचा नकाशा देता येत नाही," कारकून म्हणाला.

"अहो, मी समुद्राजवळच राहतो!"

"राहायला हरकत नाही, सार."

कागदावरचे शहर कुलपात गेले, तेव्हा साडू लोकांच्या डोक्यातले शहर गोळा करू लागले. त्यातून त्यांना कोवलमचा नाद लागला; केरळातले नव्हे, मद्रासच्या दक्षिणेस किनाऱ्यावर असलेले कोळ्यांचे गाव. तिथले कोळी आपले गाव होडीतून दिसते तसे काढत, आणि कोळणी माशांच्या पाट्या घेऊन बसकडे चालताना दिसते तसे. नवरा-बायकोची गावे एकमेकांना ओळखही देत नसत. साडूंनी दोन्हींचे पातळ कागद एकमेकांवर ठेवले, पुन्हा पुन्हा गावात जाऊन विचारले, आणि विहिरी, देवळे, जाळी वाळवण्याचे मैदान यांसह अख्खे कोवलम जागेवर बसवले. मग त्याच्या निळ्या प्रती, म्हणजे ब्लूप्रिंट, काढून ते कंडक्टरपासून कुलगुरूंपर्यंत ज्याला त्याला वाटत सुटले. "नकाशा काय दागिना आहे कुलपात ठेवायास? दहा जणांनी पाहिला तर दहा चुका निघतील!" स्वतःच्या चुका निघाव्यात म्हणून पदरमोड करणारा हा माणूस पाहिला की, शेजाऱ्याला छत्री देतानाही दोनदा आभाळ पाहणाऱ्या मला मान वर करवत नसे.

पुढे किनाऱ्याने मोठा रस्ता जाणार असे ठरले, आणि त्याची आखणी नेमकी जाळ्यांच्या मैदानावरून आली. मैदान गेले तर जाळी वाळवायची कुठे, म्हणून कोळणी साडूंकडे आल्या. एक निळी प्रत रस्त्याच्या अभियंत्याच्या टेबलावर ठेवली असती तरी पुरले असते. पण साडू पडले तंजावरच्या कारकुनी घराण्यातले. शिक्क्यावाचून कागदाला प्रतिष्ठा नाही, ही श्रद्धा रक्तातली. त्यांनी आपला नकाशा नकाशांच्या त्याच कचेरीत शिक्क्यासाठी पाठवला. उत्तर आले ते असे, की आठवणीतून इतका अचूक नकाशा येणे अशक्य आहे, आणि आलाच असेल तर ते अधिक गंभीर आहे. सर्व प्रती जमा कराव्यात. नकाशा पाहण्याची इच्छा असल्यास कारणासह अर्ज करावा. साडूंनी अर्जही केला. "मीच काढला आहे" हे कारण पुरेसे मानले गेले नाही.

त्यांनी दारोदार फिरून प्रती गोळा केल्या आणि प्रामाणिकपणे जमा केल्या. नंतर कोवलमला गेले, ते दोषी माणसासारखे. पाहणीला आलेला अभियंता मैदानाशेजारी उभाच होता. साडूंनी नेसलेली वेष्टी लुंगीसारखी गुडघ्यांवर दुमडली, उकिडवे बसले आणि बोटाने वाळूत गाव काढू लागले.

"सार, हा नकाशा गोपनीय आहे ना?" अभियंता घाबरून म्हणाला.

"तो कागदावरचा. हा संध्याकाळपर्यंत शेळ्या जमा करून घेतील."

अभियंता हसला, खाली वाकून पाहू लागला. मैदान किती मोठे, बाजूला मोकळी जागा कुठे, हे त्याने डायरीत टिपून घेतले. पण अभियंत्यांच्या बदल्या होतात. नवा साहेब आला की कोवलमहून निरोप येई, आणि साडू बस पकडत. "गुडघे दुखतात म्हणून देवळात मांडी घालवत नाही, आणि वाळूत रेघोट्या ओढायास चालतात!" अक्का करवादत, आणि डब्यात दहीभात भरून देत. शेवटी शेवटी विसर पडून त्यांचे बोट मध्येच थांबे. मग भोवतीच्या बायका वाट पाहत.

रस्ता झाला तेव्हा साडू नव्हते. त्यांच्या वाळूतल्या नकाशांचा काही उपयोग झाला की नाही, हे कोणत्याही फायलीत नसणार. मी कधीकधी त्या बाजूने बसने जातो. सरळ चाललेला रस्ता कोवलमपाशी विनाकारण थोडासा वळतो. मी आधीच दांडा घट्ट धरतो. बाकीचे प्रवासी दर वेळी शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतात, आणि ड्रायव्हरला नावे ठेवतात.