पायथ्याचं लाल फडकं

आधीच सांगतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. छप्पनला आमच्या घरानं दीक्षा घेतली. वडिलांनी देव्हारा उचलून ठेवला आणि म्हणाले, "आता या घरात अंगात येणं, उतारा काढणं, काही चालायचं नाही." तेव्हापासून कोणी भुताची गोष्ट काढली की मी उठून जायचो... घरचे अजून त्यावरून माझी थट्टा करतात. पुढे ओव्हरसियर झालो. मोजता येईल तेवढंच खरं मानायची सवय लागली. तरीही हे लिहितोय. वय सत्त्याऐंशी आहे, आता कोण काय म्हणेल याची फिकीर नाही.

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या पुढे, दोन टेकड्यांच्या मध्ये आम्ही एक मातीचं धरण बांधलं. साठ सालानंतरची गोष्ट. धरण कसलं, मोठा तलावच. खाली नाला, आणि नाल्याच्या काठाकाठानं अर्ध्या कोसावर बंजाऱ्यांचा तांडा. भरावावर टोपल्या वाहिल्या त्या याच तांड्यानं.

मातीचं धरण पाझरतंच. पाझरत नाही असं सांगणारा इंजिनिअर खोटं बोलतो. प्रश्न एवढाच की पायथ्याशी येणारं पाणी कसं आहे. नितळ असेल तर खुशाल येऊ द्या. गढूळ आलं की समजायचं, धरण आतून स्वतःचीच माती बाहेर टाकतंय. मग वेळ फार नसतो.

हे पाहायचं काम हेमला राठोड या चौकीदाराकडे होतं. तांड्यातलाच, साठीचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. रोज सकाळी आठला तो पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत धरायचा, उन्हात बघायचा. नितळ असेल तर काठीला पांढरं फडकं, गढूळ असेल तर लाल. समोरच्या टेकाडावर माझी टिनाची खोली होती. चहा घेता घेता मला काठी दिसायची. लाल कधीच दिसलं नव्हतं.

आता माझी चूक. पाया खोदताना मधोमध मोहाचं जुनं झाड होतं. मजुरांनी खोड तोडलं, पण मुळं खणायला कोणी तयार होईना. दुष्काळात तांडा त्याच्या फुलांवर जगला होता, त्याच्या मुळावर कुदळ घालायची नाही असं त्यांनी ठरवलेलं. बायांनी बुंध्यावर एकेक टोपली माती टाकली, हात जोडले आणि बाजूला झाल्या. पाऊस तोंडावर आला होता, वरून तगादा होता. मी म्हटलं, जाऊ द्या.

एकटा हेमलाकाका अडून बसला. "साहेब, मुया सडल्या का तिथं नयी पडते. पानी वाटच पाहून राह्यते अशा जागेची. मी खनतो एकटा, दोन दिस द्या."

मुळं सडली की मातीत पोकळ नळी पडते, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी दिले नाहीत. रजिस्टरात लिहिलं: झाड मुळांसह काढले. वर भराव चढला. नंतर ती जागा नेमकी दाखवू शकतील अशी दोनच माणसं उरली... तो आणि मी. त्यानं मोरीपासून, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दारापासून, पावलं मोजून ठेवली होती.

तलाव पहिल्यांदा पूर्ण भरला तो भाद्रपद. हेमलाकाकाला ताप भरला म्हणून मुलगा मोतीराम त्याला तांड्यावर घेऊन गेला. चार दिवस बाटली मीच धरत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि पायथ्याशी लाल दिसलं.

उतरून गेलो. नेहमीच्या जागेचं पाणी बाटलीत धरलं तर काचेसारखं स्वच्छ. फडकं मात्र तिथं नव्हतंच. चाळीस पावलं पलीकडे, कोरड्या जमिनीत तुराटी खोचून त्यावर बांधलेलं. मी मोरीकडे पाहिलं, अंदाज घेतला. मोहाच्या बुंध्याच्या सरळ रेघेत होती ती जागा. गाठ हेमलाकाकाची... बैलाच्या पाठीवर गोणी आवळायची असते ती, दुसऱ्या कोणाला मी तशी मारताना पाहिलं नव्हतं. तिथवर जायला मधे ओल्या चिखलाचा पट्टा ओलांडावा लागे. त्यात माझ्याच पावलांचे ठसे होते, आणखी कोणाचे नाहीत.

मग मी काय केलं? फडकं उपटून खिशात घातलं. तिथं खणायला लावलं असतं तर कोणीतरी विचारणारच — इथंच का? नोकरी दोन वर्षांची होती. घरात पहिला शिकलेला मी. म्हातारा बरा झाला म्हणून येऊन खोडी काढून गेला, असं मनाला पटवलं आणि खोलीवर जाऊन मोजमापं लिहीत बसलो. लाज वाटते सांगायला.

अकराच्या सुमारास मांडी गार लागली. पाहतो तर पॅन्टचा खिसा भिजलेला. फडकं कोरडं ठेवलं होतं — मी शपथेवर सांगतो, कोरडं. बाहेर काढलं तर त्यातून पाणी गळत होतं. गढूळ, काळं पाणी.

धावत गेलो. तुराटीच्या जागी बोटाएवढी धार उसळत होती आणि भोवती काळी माती साचत होती.

साइटवर सहाच मजूर. एक जण चिकणमातीचा गोळा घेऊन तोंड बुजवायला निघाला. मी ओरडलो, "बुजवू नका! तोंड दाबलं तर दुसरीकडून फुटेल. पाणी जाऊ द्या, माती अडवा." आधी जाड वाळू, तिच्यावर गिट्टी, वर दगड. धार मनगटाएवढी झाली होती. तलाव उतरवल्याशिवाय भागणार नव्हतं. मी मोरीचं दार पूर्ण उघडायला धावलो.

सखूबाई, टोपल्या वाहणारी, आडवी आली. "साहेब, दार नका उघडू! खाली नाल्यात हेमलाकाकाची माती हाये आज. सारे तिथंच गेले."

"कोणाची?"

"रातीच गेला नं थो. तुमाले नाई मालूम?"

मी मागे वळलो. मग बाहेर येणाऱ्या काळ्या पाण्याकडे पाहिलं. धरणाची पाळ फुटली तर तांडाच गेला असता, बाळंतिणी-म्हाताऱ्यांसकट. सायकलवर माणूस पुढे पिटाळला आणि दार उघडलं. पाणी सायकलच्या आधी पोचलं.

दुपारी तीनला धार नितळ झाली. धरण वाचलं.

संध्याकाळी मोतीराम आला, कमरेपर्यंत भिजलेला. माणसं काठावर चढली होती, सगळी वाचली. सरण मात्र अर्धं जळलेलं...

"बा वाहून गेला, साहेब," तो म्हणाला. रडत नव्हता. "रातभर एकच लावलं होतं त्यानं — लाल बांधा, लाल बांधा. आमाले वाटलं तापात बरयते. तुमाले कोनं सांगतलं पानी फुटते म्हून?"

मी म्हणालो, "मीच पाहिलं."

त्यानं माझे पाय धरले. तांडा वाचवला म्हणून. आठ वाजताच ऐकलं असतं तर धार फुटायच्या आधीच तिथं वाळू-गिट्टी पडली असती, दार बेताबेतानं उघडलं असतं, आणि त्याच्या बापाचं सरण काठावर नीट जळलं असतं. हे मी त्याला तिथं सांगायला हवं होतं.

फडकं त्या गडबडीत कुठं गेलं कळलं नाही. आठ वाजता ते कोणी बांधलं, माझ्या खिशात पाणी कुठून आलं, याचा विचार मी पुष्कळ केला. धरणाचं पाणी कुठून कुठं जातं हे मला कागदावर काढून दाखवता येतं, त्या खिशातल्या पाण्याचं नाही.

मोतीराम पुढे तांड्याचा नाईक झाला. दरवर्षी दिवाळीला मला बोलवायचा, लोकांपुढे बसवायचा आणि म्हणायचा, "या साहेबानं वाचवलं आपल्याले." मी मान खाली घालून जेवायचो. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. मातीला गेलो होतो. नाल्याकाठी सरण शेवटपर्यंत जळेस्तोवर उभा राहिलो. त्याला खरं सांगायचं राहूनच गेलं.