मुलाखतीवर टाकलेलं फडकं

दापोडीत, रुळाला लागून असलेल्या गल्लीत, एक म्हातारी राहायची. तिचा लेक चाकणला कंपनीत शिफ्ट करायचा आणि नात रेवा कॉम्प्युटरचं शिकून नोकरीची वाट बघत घरी बसलेली. म्हातारी म्हणजे मीच. आता काय सांगू तुम्हाला, त्या पोरीची हाताशी आलेली नोकरी मी मेथी निवडता निवडता घालवायला निघाले होते.

रेवा कॉम्प्युटरवर सराव करता करता सारखं एकच पान उघडायची. डावीकडे नावांची ही लांब रांग, मध्ये मजकूर, खाली काळ्या चौकटीत चार ओळी. मला वाचता येत नाही, पण ते पान मी लांबून ओळखायला लागले.

"काय गं बघतीस सारखं?"

"आजी, तारखेवरून वार काढायचाय. ते काम कॉम्प्युटरच्या या भाषेत कुणीतरी आधीच करून ठेवलंय. त्याचं नाव शोधायचं, त्याला काय द्यायचं, ते परत काय देतं ते वाचायचं. मग खालचं उदाहरण करून बघायचं."

"म्हंजी बघून लिवतीस."

"सगळेच बघतात गं."

"वार मला इचार की. गल्लीतल्या समद्या पोरांचा जन्माचा वार मला तोंडपाठ हाय. मी बघितलं का कुठं?"

ती हसली. मला मात्र घोर लागला. परीक्षेत बघून लिहिणाऱ्याला उठवून लावतात, एवढं न शिकलेल्या बाईलाही कळतंच की नाही?

मुलाखत घरातच होती, कॉम्प्युटरवर. खोली एकच, मी जाणार कुठे? कोपऱ्यात मेथी घेऊन बसले. रेवाच्या कानात वायर, त्यामुळे हिंजवडीच्या कंपनीतले साहेब काय बोलतायत ते मला ऐकू येईना. आणि बघते तर काय, पोरीने तेच पान उघडलेलं. साहेबांच्या देखत.

मी उठले आणि मेथीचं फडकं कॉम्प्युटरवर टाकलं. बांगडीत अडकून वायर निघाली आणि साहेबांचा आवाज खोलीभर. "हॅलो? अंधार का झाला?"

"आजी, अगं काय केलंस?" रेवा रडायच्या बेतात.

फडकं काढून मीच साहेबांना हात जोडले. "सायेब, पोरगी लबाड न्हाई. फकस्त बघायची खोड हाय. आधी नाव हुडकती, काय द्यायचं, काय मिळतं ते वाचती, खालचं उदाहरण करून बघती, मगच आपल्या कामात घालती. रोजचंच हाय तिचं. पर आमी सोडवू ही खोड."

साहेब म्हणाले, "आजी, पान उघडायला मीच सांगितलं होतं. ही कशी शोधते, तेच तर बघायचं होतं. सकाळपासून जो तो अंदाजाने ठोकून देतोय. तुम्ही कृपा करून खोड सोडवू नका."

नोकरी लागली. आता सकाळी हिंजवडीची कॅब गल्लीच्या तोंडाशी हॉर्न मारते. आणि रेवाचं तिथलं काम काय, तर तसलीच पानं लिहायचं. नवं पान झालं की आधी मला वाचून दाखवते. मी मान डोलावली की म्हणते, "झालं काम. आजीला कळलं म्हणजे आता कुणालाही कळेल."

हे कौतुक की टोमणा, ते कुठल्या पानावर बघायचं, कुणी सांगेल का मला?