कॅनवरचा बंडखोर

मालवणच्या बंदरात तेव्हा आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जायची. मी त्या होडीत बसलो तेव्हा हातात एक पत्र्याची पेटी होती आणि पायांत चपला नव्हत्या. आदल्या दिवशी डोंगरातून पळताना त्या कुठेतरी पडल्या होत्या. निरोप द्यायला कोणी आलं नव्हतं. वडील आधीच वारले होते, आई भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि माझी थोरली बहीण भागीरथी, जिला आम्ही बाय म्हणायचो, ती पोलीस ठाण्यात होती.

ही गोष्ट गावात राहिलेल्यांना माहीत आहे आणि मुंबईत आलेल्यांनाही. गावाला वाटतं, बाय पकडली गेली आणि भाऊ बिचारा पोटापाण्यासाठी मुंबईला गेला. मुंबईतल्यांना वाटतं, भट्टी माझी होती आणि मी पोलिसांना चकवून बोट पकडली. दोन्ही खोटं आहे. मी ऐंशीला टेकलो आहे, आता खरं सांगून टाकतो.

नवऱ्याने टाकल्यावर बाय माहेरी आली होती. काजूच्या दिवसांत डोंगरात, ओहोळाच्या कडेला, ती बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाची दारू काढायची. तो गुन्हा होता आणि त्यावर आमचं घर चालायचं. रस किती आंबला, जाळ कधी कमी करायचा, हे तिला वासावरून कळे. माझं काम एकच. पायवाटेच्या वळणावर बसायचं आणि खाकी कपडा दिसला की कुकारा घालायचा, म्हणजे डोंगरभर जाईल अशी हाक मारायची. त्या दिवशी मला चांगले चार शिपाई दिसले. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. मी उलट्या बाजूला पळत सुटलो.

मुंबईने मला काही विचारलं नाही, याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. वाकोल्याला आईच्या माहेरगावच्या मंडळींची एक खोली होती. तिथे पाय पसरायला जागा नव्हती, तरी त्यांनी मला दाराशी अंथरूण दिलं, ताटात वाढलं, आणि मरोळच्या एका छापखान्यात चिकटवून दिलं. एका रविवारी त्यांच्यातला एक जण म्हणाला, “काय रे, गाव कित्याक सोडलस?” सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “दारूची भट्टी होती माझी. पोलीस मागे लागले.” कोणीतरी माझ्यासाठी उशी सरकवली. तोवर मी पेटीवर डोकं ठेवून झोपत होतो.

पुढे माझं लग्न झालं, बोरिवलीला घर झालं, मुलगा इंजिनीअर झाला. गोष्टही वाढत गेली. आधी एक शिपाई होता, त्याचा फौजदार झाला. मग मी त्या फौजदाराला ओहोळात ढकललं. काही आठवड्यांनी सुटून आलेली बाय गावी आईला सांभाळत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मला उकडे तांदूळ आणि कोकम पाठवत होती. गणपतीला मी जायचो. ती विचारायची, “पोटभर जेवलस?” त्या दिवसाबद्दल ना ती बोलली, ना मी.

माझ्या गोष्टीवर खरा जीव बसला तो नातीचा, मुग्धाचा. आयटीतली नोकरी सोडून ती बिअर बनवायला लागली तेव्हा माझा मुलगा वर्षभर तिच्याशी धड बोलत नव्हता. तिने अंधेरीत गाळा घेतला, स्टीलच्या टाक्या बसवल्या आणि बिअरचं नाव ठेवलं ‘वांड’. तिची मित्रमंडळी सगळी काळ्या टी-शर्टातली, कोणाच्या मानेवर गोंदलेला विंचू, कोणाच्या दंडावर कवटी. स्वभावाने मात्र इतकी गरीब की मला बघितल्यावर खुर्ची देण्यावरून त्यांच्यात भांडण व्हायचं.

एक दिवस तिने कॅन माझ्या हातात ठेवला. त्यावर मी होतो. वाकोल्याच्या स्टुडिओत उसना गॉगल लावून काढलेला तरुणपणीचा फोटो, त्यावर चित्रकाराने उभ्या केसांचा लाल तुरा आणि कानात बाळी चढवली होती. खाली मजकूर होता: ‘आजोबांनी भट्टी पेटवली. पोलिसांना लोळवलं. आम्ही त्यांचीच अवलाद.’

“कसा वाटतोस, आबा?”

“कोंबड्यासारखा.”

“झकास ना? थोडेच छापलेत ओपनिंगसाठी. मोठी ऑर्डर पुढच्या आठवड्यात.”

माझी नोकरी औषधांची लेबलं छापण्यात गेली. एक शब्द चुकला तरी अख्खी छपाई आम्ही फाडून टाकायचो, कारण लेबल वाचून माणूस औषध पोटात घेतो. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी कॅन खाली ठेवला आणि म्हणालो, छपाई चांगली आहे.

ओपनिंगच्या दिवशी तिने मला गाऱ्हाणं घालायला उभं केलं. आमच्याकडे नवं काही सुरू करताना जागेच्या राखणदाराला हाक मारून, दारूचा घोट जमिनीवर सोडून, कोण काय सुरू करतंय आणि कोणाच्या पुण्याईने, ते मोठ्याने सांगायचं असतं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. मुग्धाने पोरांना ते आधीच शिकवून ठेवलं होतं. मोबाइल वर झाले.

मी सुरुवात केली. “बा देवा राखणदारा, ह्या पोरांनी जो धंदो मांडलो हा, त्येका येश दी रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” पोरं गरजली.

आता पुण्याई कोणाची ते सांगायचं होतं. वाकोल्याच्या खोलीत मी खोटं बोललो होतो, लग्नात, बारशात बोललो होतो. राखणदारासमोर ते तोंडातून निघेना. कारण गाऱ्हाण्यात खोटं सांगितलं तर ते सांगणाऱ्याला नाही, ज्यांच्यासाठी मागितलं त्यांना बाधतं. समोर मुग्धा उभी होती.

“ती भट्टी माझी नव्हती रे म्हाराजा. माझ्या भैणीची, भागीरथीची होती.”

“होय म्हाराजा.”

“मी राखणेक होतंय. पोलीस बघलंय आणि तिका तशीच टाकून पळालंय.”

“होय म्हाराजा,” पोरं आणखी जोरात ओरडली. त्या जोशात मालवणी त्यांना कुठे कळत होती? कळलं ते फक्त मुग्धाला. तिच्या आजीने तिला मालवणीतच वाढवलं होतं. तिने मोबाइल खाली केला.

चार दिवसांनी ती बोरिवलीला आली. चप्पलही न काढता दारात उभी राहिली.

“आबा, स्टोरी खोटी आहे याचं मला काही नाही. अर्ध्या ब्रँडांची खोटीच असते. पण मी बाबांशी भांडले ना, ते तुझ्या जोरावर. वाट लागायची वेळ आली की मी तुला आठवायचे. आता कोणाला आठवू?”

तिने बायला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढे धरला. कुकारा न घालता मी कसा पळालो ते सांगितलं. साठ वर्षं जे बोललो नव्हतो ते बोलून झालं.

बाय म्हणाली, “ता माका तेवाच म्हायत होता. तुझो कुकारो इलो नाय, म्हणजे समाजलंय मी. भट्टीपाशीच उभी रवलंय. बरा केलस पळालस. दोघाय गावलो असतो तर आयेक कोण बघतलो होतो?”

मी रडलो. लहान पोरासारखा रडलो. तेवढ्यात मुग्धा म्हणाली, “बाय, आबा इथे सगळ्यांना सांगायचा की भट्टी त्याची होती.”

पलीकडून बायचा आवाज चढला.

“तुझी? तुका जाळ तरी लावक येय होतो, मेल्या? पळालस ता पळालस. पण हात माझे भाजले. माझा काम तू आपला म्हणून सांगलस, ता माका आवडाक नाय.” आणि तिने फोन ठेवला.

ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर स्वतःला खात होतो ती तिने केव्हाच सोडून दिली होती. आणि जिला मी गंमत समजत होतो, माफी मागावी असं कधी वाटलंही नव्हतं, ती तिला लागली.

मुग्धा माझ्या शेजारी येऊन बसली. मग चप्पल काढत म्हणाली, “म्हणजे बाई भट्टीपाशी उभी राहिली. एकटी. चार पोलिसांसमोर.” तिने तिथूनच छपाई थांबवायला सांगितलं.

बायला राजी करायला तिला दोनदा गावी जावं लागलं. बाय म्हणाली, “नाव घाल. फोटो नको. आणि त्या कोंबड्याक आधी काढ.” नव्या कॅनवर आता दोनच ओळी आहेत: ‘भट्टी भागीरथीची. ती पळाली नाही.’ खूप माणसं ते वाचून हसतात, मग पुन्हा वाचतात. माझा मुलगा परवा स्वतःहून गाळ्यावर जाऊन आला. मी अंधेरीच्या पोरांना खरी गोष्ट मराठीत सांगितली तेव्हा मानेवर विंचू असलेला मुलगा म्हणाला, “आबा, मीही पळालो असतो यार.” त्या मुलाचे माझ्यावर उपकार आहेत.

यंदा मे महिन्यात मुग्धाला बोंडूच्या रसाची बिअर करून बघायची होती म्हणून आम्ही दोघं गावी गेलो. बायची कंबर आता वाकली आहे. तिने टोपली माझ्या हातात दिली आणि आम्ही डोंगरात गेलो. वळणापाशी पोचलो तेव्हा मी थांबलो. ती थांबली नाही. “चल रे, ऊन वाढता,” म्हणून पुढे गेली.

पूर्वी कोणी गाव विचारलं की मी नाव सांगून विषय बदलायचो. आता सांगत बसतो. माझ्याबद्दल खरं काय ते जिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी जिथे कामाला लावतात, ते माझं घर. अशी घरं मला दोन मिळाली, एक अंधेरीत आणि एक त्या डोंगराखाली बायचं, हे माझ्या लायकीपेक्षा जास्तच आहे.

त्या दिवशी झाडावरचा एक लालभडक बोंडू मला दिसला. मी फांदी वाकवून तो ओढायला गेलो, तर बायने काठीने माझा हात खाली केला.

“वरचो ओढू नको. तो तुरट असता. पडललो घे,” ती म्हणाली. “पडललोच पिकललो.”