केबिनच्या फळ्यावरचं पहिलं नाव

ताई वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसली. खिडकी बंद झाली, ताई घरी आली; पण खिडकी काही तिच्यातून गेली नाही. धाकट्या भावानं तिला आपल्या कंप्युटर गेमच्या कंपनीत बोलावलं, तेव्हा पगाराचं न विचारता तिनं एक जाड रजिस्टर मागून घेतलं आणि 'उत्तर दिले' असा रबरी शिक्का स्वतःच करून आणला. कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि सहा माणसं. खेळ बनवायचेही यांनीच आणि प्रकाशित करायचेही यांनीच. खेळाडूंची पत्रं ई-मेलनं यायची. ताई पत्र वाचायची, रजिस्टरात नाव आणि तक्रार लिहायची, उत्तर पाठवायची आणि समोर शिक्का ठोकायची. शिक्का बसल्याशिवाय घरी जायचं नाही.

"ताई, हे सगळं मशीन आपोआप ठेवतं," प्रोग्राम लिहिणारा म्हणायचा. त्याला सगळे दाढी म्हणत, कारण तेवढी एकच गोष्ट त्यानं मन लावून वाढवली होती.

"ठेवू दे की. त्याचं त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

कंपनी चार वर्षं एकाच खेळाच्या मागे होती. रेल्वेच्या एका आडबाजूच्या जंक्शनची सिग्नल केबिन. खेळणाऱ्यानं लिव्हर ओढायचे, घंटा ऐकायची, गाड्या सुखरूप पुढे काढायच्या. कल्पना धाकट्याची. पण धाकट्यानं आयुष्यात केबिन पाहिली होती ती धावत्या गाडीतून. मग खेळाचा छोटा नमुना इंटरनेटवर टाकल्यावर एका पत्रातून केबिनकाका उगवले. निवृत्त केबिनमन. त्यांची केबिन रेल्वेनं पाडून टाकली होती आणि काका घरी बसून एका जुनाट कंप्युटरवर रेल्वेचे जमतील तेवढे खेळ खेळत होते. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्या केबिनमध्ये आधी सिग्नल पडतो आणि मग रुळांचा सांधा फिरतो. अशी केबिन मी चालवली असती तर आज हे पत्र तुरुंगातून लिहीत असतो.'

ताईनं ते पत्र दाढीच्या नाकासमोर धरलं. दाढीनं आठ दिवस खपून सांधा आणि सिग्नलचा क्रम सुधारला. तिथपासून काका चाचणीवाल्यांत सामील झाले. असे चाचणीवाले वाढत वाढत तीनशे बारा झाले. खेळ अर्धवट असतानाच तो खेळून चुका काढायच्या, बदल्यात काही नाही. फक्त खेळातल्या केबिनच्या भिंतीवर ड्यूटीचा एक फळा होता, त्यावर सगळ्यांची नावं. सगळ्यात वर केबिनकाका. दुसरं नाव ताईचं. ते दाढीनं तिला न विचारता घातलं होतं आणि ती तीन दिवस खोटं खोटं रागावली होती.

हे लोक एकच गोष्ट सारखी विचारायचे: खेळ आमच्या नेहमीच्या दुकानात येणार ना? इंटरनेटवरचं ते जुनं दुकान म्हणजे त्यांचं घरच होतं. आजवर विकत घेतलेले सगळे खेळ तिथं, दोस्त तिथं, भांडणं तिथं. चाळीस हजार जणांनी हा खेळ तिथं 'आला की कळवा' म्हणून नोंदवून ठेवला होता. ताई प्रत्येकाला उत्तर द्यायची, 'पहिल्या दिवशी तिथंच मिळेल. माझा शब्द.' हे खिडकीतलं वळण होतं. तिथं उद्याच्या टपालाचा शब्द द्यायची आणि टपाल येतही असे.

खेळ बाजारात यायला तीन आठवडे उरले असताना धाकटा बिस्किटांचा भलामोठा डबा घेऊन आला. धाकट्यानं न मागता काही आणलं की ताई सावध व्हायची. लहानपणापासूनचा अनुभव.

"ताई, सुटलो आपण," तो म्हणाला. एका नव्या दुकानानं वर्षभराची विक्री आधीच धरून एकरकमी पैसे दिले होते. अट एवढीच, की वर्षभर हा खेळ दुसऱ्या कुठल्याही दुकानात दिसता कामा नये.

"म्हणजे जुन्या दुकानात नाही?"

"वर्षानं येईल ना."

"मी लोकांना शब्द दिलाय."

"कुणाला?"

ताईनं रजिस्टर उघडून त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं दोन पानं उलटली आणि डबा उघडला. "अगं, तो तुझा शब्द. कंपनीचा नाही."

"पत्राखाली कंपनीचं नाव असतं, बाळ. तुझ्या पाळण्याची दोरी ओढली म्हणून तुझी अक्कल माझ्या नावावर नको टाकूस."

"मग सांग, पगाराला पैसे नाहीत म्हणून पुढच्या महिन्यात सगळ्यांना घरी पाठवू? दाढीच्या बायकोचे दिवस भरत आलेत. विचार त्याला."

दाढी बिस्किटाकडे बघत बसला. धाकटा खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. खोटं बोलला असता तर ताईनं त्याचे कान उपटले असते.

कराराप्रमाणे त्याच दुपारी चाचणीची आवृत्ती सगळ्यांच्या मशीनवरून बंद झाली आणि जुन्या दुकानातलं खेळाचं पान उतरवलं गेलं. संध्याकाळपर्यंत दोनशे पत्रं आली. धाकट्यानं एक गुळगुळीत मसुदा करून दिला होता: 'खेळाडूंच्या हितासाठी घेतलेला हा निर्णय.' ताईनं तो वाचून चष्मा पुसला. "यातलं कुठलं हित, तेवढं मला कुणी सांगेल का?" तिनं मसुदा बाजूला ठेवला आणि प्रत्येकाला वेगळं लिहिलं. वेगळं लिहिलं म्हणून शिव्या काही कमी झाल्या नाहीत. उलट माणूस उत्तर देतोय म्हटल्यावर लोकांना आणखी चेव चढला. एकानं लिहिलं, 'तुमच्या शब्दाची घडी घालून खिशात ठेवा.'

केबिनकाकांचं पत्र आलं नाही. चौथ्या दिवशी तिनंच फोन लावला.

"काका, कंपनीतून ताई बोलतेय."

"बोला. त्या दुपारी तुमच्या खेळात सव्वीस डाऊन गाडीला लाइन दिली होती. गाडी स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला यायच्या आत केबिनला कुलूप पडलं."

"करारात तसं होतं, काका."

"असतं तसं. रेल्वेच्याही कागदात होतं. एका माणसाची केबिन दोनदा बंद झालेली तुम्ही कधी ऐकलीय?"

ताई म्हणाली, "नव्या दुकानातून तुम्हाला फुकट देते."

"त्यांच्या दुकानाचा प्रोग्राम डाउनलोड केला मी. माझ्या मशीनवर उघडत नाही. नवीन मशीन घ्या म्हणतंय."

"मग मशीन पाठवते. माझ्या पगारातून, कंपनीच्या नाही."

"ताई," काका शांतपणे म्हणाले, "आधी म्हणता दुकान बदला, मग म्हणता मशीन बदला. मी काही बदललं नाही म्हणून तर तुमच्या उपयोगी पडलो होतो."

त्या दिवशी तिनं धाकट्याला विचारलं, एका म्हाताऱ्याला एक सुटी प्रत दिली तर आभाळ कोसळेल का. धाकटा म्हणाला, एक प्रत बाहेर गेली की करार मोडला, करार मोडला की सगळी रक्कम परत. दाढीकडे बघ आणि मग दे. ताईनं दाढीकडे पाहिलं. प्रत दिली नाही. रजिस्टरात काकांच्या नावापुढं तिनं शिक्काही मारला नाही. पहिल्यांदाच एक ओळ कोरी ठेवून ती घरी गेली.

वर्ष गेलं. पगार वेळेवर झाले, दाढीला मुलगी झाली. नव्या दुकानात खेळ खपला, पण दिलेली रक्कम वसूल होईपर्यंत वरचं काही मिळणार नव्हतं आणि ती काही वसूल झाली नाही. तिथं लोक यायचे ते फुकट वाटप असेल तेव्हा. घ्यायचे आणि जायचे. पुढच्या खेळासाठी धाकटा पुन्हा त्यांच्या दारात गेला, तर त्यांनी सांगितलं की आता आमचं धोरण बदललंय. अडीच ओळींत. धाकटा त्या अडीच ओळी आठवडाभर वाचत होता, जणू खाली कुठंतरी बारीक अक्षरांत 'गंमत केली' असं छापलेलं सापडेल.

मग खेळ जुन्या दुकानात आला. ज्या हजारो जणांना कळायला हवं होतं, त्यांना कळलं. त्यांना आता नको होता. पानावरचा पहिलाच अभिप्राय होता, 'उशिरा आलेल्या गाडीचं तिकीट पूर्ण भावानं?' त्याखाली सहमतीचे अंगठे इतके, की खेळाचं वर्णन कुणी वाचलंच नाही.

ताईनं केबिनकाकांना लिहिलं. एवढंच, की तुमच्या जुन्या मशीनवर चालतो, दाढीनं खास तपासलंय. उत्तर दुपारी आलं.

'ताई, कळवल्याबद्दल आभारी आहे. हल्ली मी बागेत असतो. घंटेचा आवाज बरोबर घेतला असेल अशी आशा करतो, तो अवघड होता. एक विनंती. फळ्यावरचं माझं नाव काढावं. लोक दुकानातल्या पानावर काय काय लिहितात ते नातवानं वाचून दाखवलं. चाळीस वर्षांत माझ्या नावावर एक गाडी उशिरा नाही.'

तिनं पत्र छापून दाढीपुढं ठेवलं. त्यानं वाचलं, दाढी खाजवली आणि मुकाट्यानं काम केलं. पाच मिनिटांचं काम.

"ताई, नाव काढलं की बाकीची नावं एकेक ओळ वर सरकतात," तो म्हणाला. "आता पहिलं तुमचं येतंय. तेही काढू?"

ताईनं पडद्याकडे पाहिलं. केबिनची भिंत, फळा, सगळ्यात वर ती.

"राहू दे," ती म्हणाली. "शिव्या घालायला वर कुणीतरी हवंच."

मग तिनं जुनं रजिस्टर काढलं, वर्षभर कोरी राहिलेली ती ओळ शोधली आणि शिक्का मारला. शाई संपत आली होती. दोनदा दाबावा लागला.