पेनाने आखलेली रेघ

मावशीच्या हातावर गाजरगवताच्या परागांच्या अर्काचा थेंब होता. त्यातून तिने सुई हलकेच टोचली आणि घड्याळाकडे बघत बसली. अ‍ॅलर्जीवर संशोधन करताना तिने आयुष्यभर हा नेम पाळला आहे. नवा अर्क आधी स्वतःच्या हातावर, मग रुग्णाच्या. पूर्वी तिथे काहीच उठत नसे. इतकी वर्षं तेच पराग श्वासात गेल्यावर आता मात्र लाल गांध उठते, आणि दर खेपेला आधीपेक्षा मोठी.

"बंद कर हे," मी चिडून म्हणाले. "जिवाशी खेळ आहे."

"मग कुणाच्या जिवाशी खेळू? तुझ्या मोर्चातल्या बायकांच्या?" ती हसली. "तत्त्वं काय फक्त पत्रकात छापायची असतात होय गं?"

तिने गांधेच्या कडेने पेनाने रेघ आखली. मी त्या फुगवट्याकडे बघत राहिले. पराग बिचारा काहीच करत नाही. घात करतो तो शरीराचा पहारा. राखणीला बसवलेले एकदा बिथरले, की त्यांना धुळीच्या कणातही शत्रू दिसतो आणि ते राखायचं घरच पेटवून देतात. पत्रकं वाटत फिरताना असे पहारेकरी मी शहरात पाहिले आहेत. मावशीच्या कातडीखालीही तेच बसले होते, आणि त्यांच्याविरुद्ध कुठलं पत्रक काढणार?

खोलीत फक्त पंखा फिरत होता. गांधेने रेघ कधी ओलांडली, कळलंच नाही. मावशीने दोनदा घसा खाकरला.

"त्या ट्रेमधलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दे," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.