टेबलाचा काय गुन्हा?

काल आम्ही मायलेकी दवाखान्यात नंबर यायची वाट बघत होतो. माझी अडीच वर्षांची ओवी पळता पळता टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली आणि तिने भोकाड पसरलं. शेजारच्या काकूंनी लगेच टेबलाला फटका मारला. "हात् रे टेबला! आमच्या बाळाला लागलं? बघ, मारलं हं त्याला. आता तूही मार."

ओवीने हात उगारला. मी तो हळूच धरला. "टेबल जागेवरच होतं, ओवी. तू पळत होतीस. कुठे लागलं, दाखव."

काकूंनी तोंड वाकडं केलं. "अगं, लहान आहे ती. तिला काय कळतंय?"

सगळं कळतं. दुखलं की कुणाला तरी मारायचं, हे आपणच घरोघरी इतक्या मायेने शिकवतो, आणि पुढे पोर शाळेत कुणाला बदडून आलं की कपाळाला हात लावतो. म्हणा मला विक्षिप्त. माझ्या लेकीला गप्प करायला मी निर्जीव लाकडावरही कुणाला हात उचलू देणार नाही.

ओवीने माझ्याकडून कपाळ चोळून घेतलं. मग टेबलापाशी जाऊन तिने त्याचा कोपराही चोळला, आणि काकूंकडे वळून बजावलं, "आजी, मारायचं नाही!"