नाव न घेणारी

"व्हतंय की!" असं म्हणून ती पदर कमरेला खोचायची आणि कामाला लागायची. मग ते बेडपॅन धुणं असो की मेट्रनबाईंची बोलणी खाणं असो.

चिंचवडला तेव्हा एका खाजगी संस्थेने दवाखान्याला जोडून परिचारिकांचं विद्यालय काढलं होतं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते, रोज कुणाचं ना कुणाचं बोट यंत्रात सापडायचं, त्यामुळे आम्हाला शिकायला रोगी भरपूर. आम्ही सगळ्या सतरा-अठराच्या पोरी, ती एकटी तिशीला टेकलेली. मावळातली. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला भावाच्या दारात आणून सोडलं होतं आणि तिथे भावजय तिच्या ताटावर डोळा ठेवून बसायची. नापास होऊन पुन्हा त्या दारात जायचं, या विचाराने तिला घास गिळवत नसे.

शरीरातली हाडं ती जात्यावर बसल्यासारखी डुलत, मोठ्याने पाठ करायची. आमच्या पहाटेच्या झोपेचं पार खोबरं व्हायचं.

पण एका बाबतीत बाई भलतीच हट्टी. नवऱ्याचं नाव मारुती, म्हणून ते तोंडातून काढायचं नाही. देवाचंसुद्धा नाही! कोपऱ्यावरच्या देवळाला ती 'शेंदऱ्या देवाचं देऊळ' म्हणायची.

"अगं, ज्याने तुला टाकलं त्याचा कसला एवढा मान?" मी एकदा फणकाऱ्याने विचारलं.

"मान कसला गं. जीभच उचलत न्हाई."

मला तिचा रागही आला आणि तिच्याबद्दल वाईटही वाटलं.

वॉर्डातला नियम असा की, औषध देण्याआधी रोग्याला नावाने हाक मारायची, त्याने ओ दिली की मगच पेला पुढे करायचा. आता आपल्याकडे मारुती काय, दर दुसऱ्या घरात एक! अशा रोग्याला ती खाटेच्या आकड्याने "अहो सात नंबर" म्हणायची. एकदा वाऱ्यासाठी दोघा रोग्यांनी आपसात खाटा बदलल्या आणि मारुतीचं एरंडेल पायाला प्लास्टर घातलेल्या एका भल्या माणसाने पिऊन टाकलं. पुढचे हाल तुम्हीच ओळखा.

मेट्रनबाई कडाडल्या, "परीक्षेत नाव घेतलं नाहीस तर मी स्वतः तुला नापास करीन."

परीक्षेला पुण्याहून डॉक्टर आले. तिच्या वाट्याला नेमका एक मारुती आला. मेट्रनबाईंनी तो मुद्दाम दिला असावा, असा माझा अजून संशय आहे. ती पेला धरून नुसतीच उभी. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"मारुती," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," डॉक्टर म्हणाले.

मग तिने अशी हाक मारली की शेजारच्या वॉर्डातल्या मारुतीनेही ओ दिली.

ती पास झाली आणि बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले.

तिला त्याच दवाखान्यात नोकरी मिळाली. पुढे आमच्या वाटा फुटल्या, आता ती कुठे असेल कोण जाणे. पण एक सकाळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिला पगार सुरू झाल्याचं गावात कळलं आणि नवरा नवा फेटा बांधून व्हरांड्यात हजर झाला. "चल, घरला न्यायला आलोय," म्हणाला. आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबलो.

तिने त्याला नीट पाहून घेतलं.

"मारुती," कुठल्याही रोग्याला म्हणावं तशी ती म्हणाली, "मी कामावर हाय. भेटायची येळ चारनंतर."

आणि औषधांचा ट्रे उचलून ती वॉर्डात गेली. तो काही चारपर्यंत थांबला नाही.